वेळापत्रक सगळ्यात शेवटी: ठाणे-नवी मुंबईच्या धावपळीत दिवस बसवायचा कसा

वेळापत्रक केलं, फ्रिजवर चिकटवलं, चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी बस आली नाही आणि तिथून पुढे तो कागद फक्त अपराधी वाटायला उरला. ही गोष्ट मला सोसायटीतल्या दहा-बारा जणांनी तरी सांगितली असेल. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. कुठल्या मशीनवर कुठला जॉब कधी लावायचा, हेच काम. म्हणून लोक मला विचारतात.

बहुतेकांची चूक एकच असते: वेळापत्रक आधी करतात. कारखान्यात सायकल टाइम (एका जॉबला मशीनवर लागणारा वेळ) न मोजता कुणी मशीनचं लोडिंग केलं, म्हणजे तिच्यावर कामं लावली, तर सुपरवायझर त्याला दुपारचा डबा सुखाने खाऊ देणार नाही. घरी मात्र आपण सगळे तेच करतो.

एक अपेक्षा आधीच खाली आणते. यातून जास्त कामं उपसली जातीलच असं नाही. २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात असं दिसलं, की वेळेच्या नियोजनाचा फायदा कामगिरीपेक्षा मनाच्या स्वास्थ्याला, विशेषतः आयुष्याबद्दलच्या समाधानाला, जास्त होतो. मला त्याचं नवल वाटलं नाही. रोजच्या ताणात ‘किती काम आहे’ याचा वाटा असतोच, पण ‘पोचेन ना? काही राहिलं तर नाही?’ या टांगणीचा वाटा मोठा असतो. आपल्याला ती टांगणी काढायची आहे.

तयारी

खिशात मावेल अशी एक छोटी वही, एक पेन आणि कामाचे सात दिवस. अ‍ॅप नको. अ‍ॅप उघडायला फोन हातात घेतला की आपण कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आठवडा साधा निवडा. गणपतीचा नको, मुलांच्या परीक्षेचा नको, जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाचा तर नकोच. आणि सोमवारपासूनच सुरुवात करायची हा हट्ट सोडा. सोमवारची वाट बघत अख्खे महिने गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

टप्पा १: सात दिवस फक्त नोंद

पानावर चार रकाने आखा: काय केलं, कधी सुरू, कधी संपलं आणि मध्ये काय आडवं आलं. चौथा रकाना लोक गाळतात, आणि खरी माहिती नेमकी तिथेच असते. ‘भाजी फोडणीला टाकली, ७.१० ते ७.३५, मध्ये इस्त्रीवाला, मग सासूबाईंचा चष्मा शोधला.’ असं लिहा.

प्रवास एका ओळीत उरकू नका. त्याचे तुकडे पाडा. माझे असे आहेत: घर ते मानपाड्याचा थांबा, बसची वाट, बस, सॅटिसवर (ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलावर) उतरून पूल ओलांडून ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे नवी मुंबईच्या लोकलचा फलाट, ट्रेनची वाट, ट्रेन, रबाळे स्टेशन ते कंपनीचं गेट. प्रत्येक तुकड्यापुढे मिनिटं.

सावधान: या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. नोंद ठेवायला लागलं की माणूस लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो. फोन कमी बघतो, लवकर उठतो. मग आकडे खोटे येतात आणि पुढचं सगळं त्या खोट्या आकड्यांवर उभं राहतं. रोज रात्री एक तास रील बघत असाल तर बघा आणि तसं लिहा. वही कुणी तपासणार नाही.

दुसरी चूक म्हणजे दिवसभराचं रात्री आठवून लिहिणं. आठवणीत प्रवास नेहमी आखूड होतो. त्या त्या वेळी दोन शब्द खरडा, अक्षर कसंही चालेल.

टप्पा २: प्रवासाचा वाईट दिवसाचा आकडा काढा

हा टप्पा नीट केलात तर बाकीच्यात थोडं डावं-उजवं झालं तरी चालतं. म्हणून इथे जरा थांबते.

कुणालाही विचारा, ऑफिसला किती वेळ लागतो? उत्तर येतं ते चांगल्या दिवसाचं. ‘सव्वा तास.’ माझंही तेच होतं. मोजल्यावर दारापासून गेटपर्यंत सात दिवसांची मिनिटं अशी निघाली: ६८, ७२, ७०, ९५, ७४, ६९, ८८. साडेनऊचं पंचिंग, म्हणून मी सव्वाआठला निघायचे. म्हणजे हातात ७५ मिनिटं. सातातले पाच दिवस वेळेत, दोन दिवस लेट मार्क. पण त्रास त्या दोन दिवसांपुरता नव्हता. आजचा दिवस त्या पाचातला की दोनातला, हे कापूरबावडीला सिग्नलवर उभं असताना कळत नाही. त्यामुळे घालमेल सातही दिवस.

सरासरी काढू नका. इथे सरासरी फसवते. वरच्या आकड्यांची येते साधारण ७७, आणि तेवढा वेळ धरला तरी ते दोन दिवस हुकतातच. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि शेवटून दुसरा उचला. माझा ८८. सगळ्यात वाईट दिवस (९५) धरला तर रोज फार लवकर निघावं लागतं आणि आठवड्याभरात कंटाळून आपण ते सोडून देतो. शेवटून दुसरा आकडा झेपतो.

आता मी आठला निघते. आठला रस्ता सव्वाआठपेक्षा थोडा वेगळा वागतो, म्हणून वेळ बदलल्यावर पुन्हा पाच-सहा दिवस मोजलं. तुम्हीही मोजा.

मग तुकड्यांकडे बघा. सगळे तुकडे सारखे हलत नाहीत. माझी ट्रेन जवळजवळ ठरलेली. बसची वाट आणि बस मिळून मात्र ३० मिनिटांपासून ५५ पर्यंत काहीही. घोडबंदर रोडवर मानपाडा ते माजिवड्यापर्यंतच माझी सकाळ बनते किंवा बिघडते, म्हणून उपायही तिथेच हवा. नेरुळ-खारघरहून महापेला येणाऱ्या आमच्या दोघा सहकाऱ्यांचं उलट निघालं. ट्रेन त्यांना कोपरखैरण्याला वेळेत आणून सोडायची, आणि वेळ जायचा स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत. दोघांनी फक्त एक गाडी आधीची पकडली. रांगेतले पंधरा जण पुढे गेले की मागे गेले, एवढाच फरक.

हलत्या तुकड्यासाठी एक नियम आधीच लिहून ठेवा, ‘असं झालं तर तसं’ या भाषेत: ‘दहा मिनिटांत बस आली नाही तर शेअर रिक्षा.’ थांब्यावर उभं राहून विचार करायचा नाही. ‘अजून दोन मिनिटं बघू’ हे पाच वेळा म्हटलं की दहा मिनिटं जातात आणि वर रक्तदाब.

सावधान: लवकर पोचल्यावर उरलेली पंधरा-वीस मिनिटं कामाने भरू नका. मेल उघडला की संपलं, दिवस तिथूनच सुरू होतो आणि ही वेळ राखीव राहत नाही. चहा घ्या. मी गेटसमोरच्या टपरीवर उभी राहून कटिंग घेते आणि चक्क काही करत नाही.

रविवारी कुठे जायचं असेल तर आदल्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) बघा. तो जाहीर झालेला असतो, तरी अर्धं ठाणे फलाटावर उभं राहून ‘आज ब्लॉक आहे काय?’ विचारत असतं.

टप्पा ३: खुंट्या ठोका

खुंटी म्हणजे दिवसातली न हलणारी वेळ. पाणी यायची वेळ, शाळेची बस, पंचिंग, कामाच्या मावशींची वेळ, घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या. नव्या कोऱ्या पानावर फक्त या मांडा. सातपेक्षा जास्त झाल्या तर त्यातली एखादी खुंटी नसून सवय आहे. तपासून काढून टाका. सकाळी सातलाच झाडू मारला पाहिजे, ही माझ्याकडची अशीच एक खोटी खुंटी होती.

एक खुंटी मात्र बहुतेकजण ठोकतच नाहीत: ऑफिसातून निघायची वेळ. यायची वेळ मशीनवर नोंदली जाते, जायची वेळ आपण मोकळी सोडतो. ‘निघेन काम झालं की.’ काम होत नसतं. ६.१० लिहा. रोज जमणार नाही, आठवड्यातून तीनदा जमलं तरी घरच्यांना कळेल की आज जेवण एकत्र.

तपासा: खुंट्यांचं पान घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. त्याला एखादी राहिलेली आठवते का? आमच्याकडे पाणी बंदचा दिवस राहिला होता, कारण आदल्या रात्री पिंपं भरायचं काम माझं नव्हतंच.

टप्पा ४: डोक्यातलं कागदावर उतरवा, पण नीट

अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त आठवत राहतं, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं, की त्या कामाची नेमकी आखणी केली, तर काम अजून बाकी असलं तरी त्याची डोक्यातली टोचणी कमी होते. म्हणजे नुसती यादी पुरत नाही, पुढचं पाऊल लिहावं लागतं.

चुकीची ओळ: ‘पार्किंग.’
बरोबर ओळ: ‘रविवारी ११ वाजता सेक्रेटरी काकांकडून पार्किंगचा फॉर्म आणणे.’

पहिली ओळ वाचली की पोटात गोळा येतो. दुसरी वाचली की फक्त चप्पल घालायची.

एका बैठकीत सगळं उतरवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या यादीत ४३ ओळी झाल्या. मग प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर: क म्हणजे करायचं, द म्हणजे दुसऱ्याला द्यायचं, सो म्हणजे सोडायचं. ‘सो’ लिहायला हात धजत नाही. किमान पाच ओळींपुढे लिहाच. तीन वर्षं राहिलेला फोटो अल्बम सोडला की जगबुडी होत नाही, याची मी ग्वाही देते.

टप्पा ५: आता भरा, पण साठ टक्केच

आत्ता कुठे वेळापत्रक येतं.

आधी एक हिशोब. मी पावणेआठला घरी येते, अकराला झोपते. १९५ मिनिटं. स्वयंपाक, जेवणं, ओटा आवरणं यात ११० जातात, हे वहीत दिसलं. उरली ८५. त्यातली साठ टक्के म्हणजे साधारण ५०. मंगळवारच्या रात्री माझ्या हातात कामाची ५० मिनिटं आहेत, बस्स. आणि मी त्यात मुलाचा अभ्यास, कपाट, बहिणीला फोन, विम्याचे कागद आणि योगासनं घालत होते!

उरलेले चाळीस टक्के आळसासाठी नाहीत, ते ब्रेकडाउनसाठी आहेत. मशीनला शंभर टक्के लोड दिला की पहिल्या बिघाडाला आठवड्याचं सगळं कोसळतं. घरात बिघाड रोज असतो: पाहुणा, ताप, लाइट जाणं, ‘आई, उद्या चार्टपेपर न्यायचाय.’

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाजही सरळ धरू नका. १९९४ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल म्हटलं होतं. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. आपण काही त्यांच्यापेक्षा हुशार नाही. स्वतःच्या वहीतून गुणोत्तर काढा: तीन-चार कामं घ्या, आधी वाटलेला वेळ आणि लागलेला वेळ. घरकामात माझं दुपटीच्या जवळ येतं, ऑफिसात दीडपट. तेवढ्याने गुणूनच पानावर लिहा.

एकसारखी कामं एकत्र लावा. साचा बदलायला मशीन थांबवावी लागते, त्याला आम्ही चेंजओव्हर म्हणतो. डोक्यालाही तो लागतो. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा थोडा भाग मागेच अडकतो. म्हणून सगळे फोन एका दमात, बँकेची आणि बिलांची कामं एका बैठकीत. स्वयंपाकघरात हेच रविवारी होतं: आलं-लसणाचं वाटण, खोबरं खवून ठेवणं, दोन-तीन दिवसांच्या पालेभाज्या निवडून ठेवणं. सात दिवसांच्या भाज्या चिरून ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. गुरुवारपर्यंत त्या फरसबीकडे बघवत नाही, आणि शेवटी बाहेरून मागवलं जातं.

मोबाइलचंही असंच. २०१५ मधल्या एका प्रयोगात दिवसातून तीनदाच ईमेल बघणाऱ्यांना, वाटेल तेव्हा बघणाऱ्यांपेक्षा ताण कमी जाणवला. ऑफिसात तीनदा जमत नसेल तर सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपपासून सुरुवात करा. तिथे सकाळी अकराला काय बोललं गेलं हे रात्री नऊला वाचून कुणाचंही नुकसान झालेलं नाही.

तपासा: पान पूर्ण झाल्यावर बोटाने मोजा. रोजच्या रात्रीत दोनपेक्षा जास्त कामं दिसली, तर पान चुकलं. पुन्हा करा.

टप्पा ६: घरच्यांशी बोला, पण फर्मान काढू नका

पान तयार झाल्यावर ते भिंतीवर लावून ‘आता हे सगळ्यांनी पाळायचं’ म्हणणं ही हमखास फसणारी चाल. मीही तेच केलं होतं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, मला काय जमेल ते कुणी विचारलंच नाहीस.”

मी धरून चालले होते की त्यांना भाजी निवडायचं काम द्यावं. त्यांची बोटं दुखतात, ते मला माहीतही नव्हतं. “आई, मग तुम्हाला काय आवडेल?” तर त्यांनी मागून घेतले फोन. गॅसचा नंबर लावणं, इलेक्ट्रिशियनच्या मागे लागणं, इस्त्रीवाल्याशी हुज्जत. तीन माणसांनी मिळून जेवढं काम काढलं नसतं तेवढं त्या सकाळच्या चहानंतर काढतात, आणि इलेक्ट्रिशियन त्यांना घाबरून वेळेवर येतो.

काम दिलं की पद्धतही त्यांची असू द्या. नवऱ्याने डबे भरले आणि पोळीभाजीचे खण उलटे झाले, तर खाणाऱ्याचं पोट तेवढंच भरतं. मागून जाऊन डबा परत लावलात तर ते काम तुमच्याकडे परत आलंच समजा.

टप्पा ७: रात्रीची पाच मिनिटं

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहा. आज काय झालं ते नाही, उद्या काय करायचं ते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उद्याची यादी लिहिणारे हे झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

मग पर्स, पास, किल्ली, छत्री दाराजवळ. वही मिटा. त्यानंतर काही आठवलं तर अंधारात ‘वहीत आहे’ म्हणायचं. नसेल तर उठून लिहायचं आणि परत आडवं व्हायचं.

दिवस कोसळला तर

कोसळणारच. जुलैत एखाद्या सकाळी रुळांवर पाणी येतं, गाड्या रखडतात. तेव्हा काय सोडायचं हे त्या गर्दीत ठरवता येत नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर पडझडीची यादी आधीच करून ठेवा, सोडायच्या क्रमाने. माझी अशी: पहिलं इस्त्री, मग ताजी पोळी (त्या दिवशी भात-पिठलं), मग मुलाचा अभ्यास घेणं, मग आईला फोन. माझी झोप यादीत नाहीच. ती सोडायची नाही.

राहिलेली कामं दुसऱ्या दिवसावर ढकलून ‘भरून काढू’ नका. दुसऱ्या दिवसाची ५० मिनिटं आधीच लागलेली असतात. ती आठवड्याच्या यादीत परत टाका आणि शनिवारी बघा.

शनिवारची वीस मिनिटं

तीनच गोष्टी पाहायच्या. निघायची वेळ किती वेळा पाळली? अंदाज कुठल्या कामाचा सगळ्यात जास्त चुकला? तीन आठवडे पुढे ढकललं गेलेलं काम कोणतं? त्या तिसऱ्याचं एक तर पाऊल अजून लहान करा, नाही तर ‘सो’ लिहा.

सावधान: महिनाभर हे नीट करूनही झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, सगळ्यावरून मन उडालं असेल, तर हे प्रकरण वहीचं नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. आणि दोन माणसांचं काम एका माणसावर आलं असेल, तर कितीही सुरेख पान आखलं तरी काम दोन माणसांचंच राहतं. ते वरिष्ठांशी बोलायचं आहे. तेव्हा सात दिवसांची वही सोबत न्या. ‘फार काम आहे’ या वाक्यापेक्षा आकडे ऐकले जातात.

मोजणी पुन्हा कधी

वर्षातून दोनदा तरी. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदम सुरू होतात, तेव्हा, आणि दिवाळीनंतर एकदा. शिवाय शिफ्ट बदलली, घर बदललं, तुमच्या मार्गावर मेट्रोचं स्टेशन सुरू झालं किंवा रस्ता खणायला घेतला, की जुना आकडा खोडा. सात दिवस, चार रकाने, पुन्हा पहिल्यापासून. माझा ८८ गेल्या पावसाळ्यात १०१ झाला होता आणि मी पावणेआठला निघत होते. टपरीवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, “मॅडम, आज लवकर?”